मंगळवारच्या डॉक्टरबाई

“तू जरा बाहेर बस,” असे आई मला दवाखान्यात पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा ती ६३ वर्षांची होती आणि तिला डॉक्टरांकडे ने-आण करण्याचे काम माझ्याकडे येऊन बारा वर्षे झाली होती. कोरेगावच्या बाजारपेठेतल्या एका छोट्या दवाखान्यात साताऱ्याहून एक स्त्रीरोगतज्ज्ञ दर मंगळवारी येत असत. आईला लघवीची जळजळ वर्षभरात चौथ्यांदा सुरू झाली, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच “एकदा बाईंना दाखवून घ्या” असे म्हणून चिठ्ठी दिली होती. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले, बाजूला ठेवले आणि आईकडे वळून विचारले, “मावशी, भरलेली कळशी उचलली की खाली काही उतरल्यासारखं वाटतं का? खोकला आला की कपडा बदलावा लागतो का?” आईने उत्तर दिले नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि मला बाहेर जायला सांगितले.

मी बाहेरच्या बाकावर पंचवीस मिनिटे बसून होतो. आत काय बोलणे झाले ते मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळले. त्यातले बरेचसे ताईकडून, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडून. आईचे अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होते, आणि ते एक-दोन महिन्यांपासून नव्हे, तर अकरा वर्षांपासून. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी घडी करून ती लंगोटासारखी बांधत असे, रात्री झोपण्यापूर्वी बाहेर आलेला भाग हाताने आत सारत असे आणि सकाळी पाण्याचा पहिला हंडा उचलला की तो पुन्हा बाहेर येत असे. ही गोष्ट अकरा वर्षांत तिने कोणालाही सांगितली नव्हती, ताईलाही नाही.

त्या दिवसानंतर मला एकेक गोष्ट आठवू लागली आणि त्या आठवणी अजून सुटत नाहीत. पंगतीत खाली बसायचे तिने कधीच सोडले होते. “गुडघे धरतात” असे ती सांगे. एस.टी.ने कुठे जायचे असेल, तर ती सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नसे. देवळाच्या पायऱ्यांवर मध्येच थांबून कठड्याला टेकून उभी राही, आणि आम्ही पुढे गेलेलो मागे वळून “चल ना लवकर” म्हणत असू. सगळे आमच्या डोळ्यांसमोर घडत होते आणि आम्ही त्या सगळ्याला वय असे नाव देऊन मोकळे झालो होतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी दोष देऊ शकत नाही. वीस वर्षे त्यांनी तिचा रक्तदाब सांभाळला, साखर सांभाळली, आणि एकदा अपरात्री पावसात ते आमच्या घरी आले होते, हे मी विसरलेलो नाही. आई त्यांना देवमाणूस म्हणते आणि मनापासून म्हणते. दर वेळी तपासून झाल्यावर ते विचारत, “बाकी काही त्रास?” आणि दर वेळी आई म्हणे, “नाही, बाकी बरं आहे.” एक चांगला डॉक्टर आणि त्याच्यावर पूर्ण विश्वास असलेली रुग्ण समोरासमोर बसलेले आहेत आणि तरीही अकरा वर्षे खरा आजार त्या टेबलावर येत नाही. डॉक्टर पुरुष आहे की स्त्री याने उपचारांत फरक पडतो का, हा प्रश्न मी त्या मंगळवारपर्यंत वर्तमानपत्रातल्या चर्चेचा विषय समजत होतो.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेला वैद्यक शिकायला निघाल्या, त्यामागे त्यांचे स्वतःचे दुःख होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसांत गेले होते. १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेश मागताना त्यांनी लिहिले की, माझ्या देशातील स्त्रियांना जी वैद्यकीय मदत अत्यंत गरजेची आहे ती पुरुष डॉक्टरच्या हातून घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १८८६ मध्येच मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले, जिथे स्त्रिया आणि मुलांवर स्त्री डॉक्टरच उपचार करतील अशी योजना होती. आनंदीबाईंचे ते वाक्य शाळेत असताना मी त्यांच्या काळाबद्दलचे म्हणून वाचले होते. आई ज्या अकरा वर्षांबद्दल बोलत होती, त्या काळात आमच्या घरी टीव्ही होता, गॅस होता, माझ्या हातात मोबाइल होता आणि ताई पदवीधर होती.

आईसारख्या बायका किती असाव्यात याचा विचार करू लागलो, तेव्हा गडचिरोलीत झालेले एक काम माझ्या वाचनात आले. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली; दवाखान्यात आलेल्या रुग्णांची नव्हे, तर गावात राहणाऱ्या, रोजचे काम करणाऱ्या स्त्रियांची. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, तिथे कुठे तरी माझी आई अकरा वर्षे उभी होती असे मला वाटते. शिवाय ही तपासणी होऊ शकली, ती करणारी डॉक्टर स्त्री होती आणि गावातल्या बायकांच्या बोलीत त्यांच्याशी बोलत होती, हेही मला आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते.

कारण मंगळवारच्या त्या डॉक्टरबाईंनी काय वेगळे केले, याचा मी नंतर खूप विचार केला आहे. “बाकी काही त्रास?” या प्रश्नाला “नाही” हे उत्तर तयारच असते, संकोच असलेल्या माणसाला तो प्रश्न सुटकेचा दरवाजा उघडून देतो. डॉक्टरबाईंनी आजाराचे नाव घेतले नाही, शरीराच्या भागाचे नाव घेतले नाही. त्यांनी कळशीबद्दल विचारले, खोकल्याबद्दल विचारले, कपड्याबद्दल विचारले. आईच्या दिवसात त्या आजाराची जी जागा होती, नेमकी तिथे त्यांनी बोट ठेवले, आणि तेव्हा आईला नुसते “हो” म्हणणे पुरेसे झाले. असा प्रश्न सुचण्यासाठी बाईच असावे लागते का? बाईला तो लवकर सुचत असेल, कारण कळशी उचलणाऱ्या बायकांमध्ये ती वाढलेली असते. पण एकदा सुचलेला प्रश्न कोणीही विचारू शकतो, आणि इथेच मला या सगळ्या वादातली आशेची जागा दिसते.

आईला सगळ्यात मोठी भीती होती ती पिशवी काढून टाकतील याची. ती भीती निराधार नव्हती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आमच्या भावकीतही चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या तिघी आहेत. डॉक्टरबाईंनी टेबलाच्या खणातून बांगडीएवढी एक मऊ रिंग काढून आईच्या हातात दिली, तिला ती दाबून, वाकवून पाहू दिली आणि सांगितले की आधी ही बसवून बघू, ऑपरेशनचे नंतर ठरवू. आई सांगते की, ती रिंग हातात घेतल्यावर तिला रडू आले, कारण अकरा वर्षे ती लुगड्याच्या पट्टीने जे करत होती, त्यासाठी जगात एक वस्तू तयार होती आणि ती एका खणात पडून होती.

डॉक्टरांच्या लिंगाचा रुग्णाच्या जिवाशी संबंध आहे का, हे मोजण्याचे प्रयत्न अमेरिकेत झाले आहेत. ६५ वर्षांवरील ज्या रुग्णांच्या उपचारांचा खर्च तिथले सरकार मेडिकेअर योजनेतून करते, त्यांच्या २०११ ते २०१४ या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष मांडला. दाखल झाल्यापासून तीस दिवसांच्या आत मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण स्त्री डॉक्टरांच्या रुग्णांत ११.०७ टक्के आणि पुरुष डॉक्टरांच्या रुग्णांत ११.४९ टक्के होते. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, पण लाखो रुग्णांच्या हिशेबात तो हजारो जिवांचा होतो. स्त्री डॉक्टरांकडे सौम्य आजाराचे रुग्ण जात असतील ही शंकाही संशोधकांनी घेतली होती. म्हणून ज्या डॉक्टरांच्या वाट्याला पाळीप्रमाणे येईल तो रुग्ण येतो, त्यांचाच वेगळा हिशेब त्यांनी मांडला आणि तरीही फरक उरला. २०२४ मध्ये २०१६ ते २०१९ च्या नोंदींवरून अशीच तपासणी पुन्हा झाली. तेव्हा स्त्री रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण स्त्री डॉक्टरांकडे ८.१५ आणि पुरुष डॉक्टरांकडे ८.३८ टक्के असे निघाले, आणि पुरुष रुग्णांमध्ये मात्र १०.१५ विरुद्ध १०.२३, म्हणजे ज्याला ठामपणे फरक म्हणता येणार नाही इतके.

हे आकडे वाचून एखाद्या पुरुष डॉक्टरला राग येणे स्वाभाविक आहे आणि एखाद्या रुग्णाने त्यांवरून डॉक्टर निवडणे चुकीचे ठरेल. सरासरीवरून समोरच्या माणसाबद्दल काही कळत नाही. मला त्या आकड्यांपेक्षा त्यांच्या मागचे कारण जाणून घेण्याची ओढ होती. २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासलेल्या दोन लेखांत असे आढळले होते की प्राथमिक उपचार देणाऱ्या स्त्री डॉक्टर एका रुग्णामागे सरासरी दोन मिनिटे जास्त देतात; त्या वेळात त्या रुग्णाच्या घरच्या परिस्थितीबद्दल आणि मनाबद्दल अधिक विचारतात, आणि रुग्णही त्यांच्याशी अधिक बोलतात. दोन मिनिटे ऐकायला फार थोडी वाटतात. पण निरनिराळ्या देशांत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात याचा २०१७ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात भारतातल्या प्राथमिक उपचारांसाठी मिळणारा एकूण वेळच सुमारे दोन मिनिटे होता. तिकडे जेवढा वेळ जास्तीचा म्हणून मोजला जातो, तेवढ्यात आपल्याकडे रुग्ण आत येतो, नाडी, नळी, गोळ्यांची चिठ्ठी सगळे होते आणि कंपाउंडर पुढचे नाव पुकारतो. सकाळच्या ओपीडीत शंभरावर रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरने, मग तो पुरुष असो की स्त्री, कळशीचा प्रश्न विचारायचा कधी, हे मला कोणी सांगावे.

केवळ स्त्री असणे पुरेसे नाही, हे आमच्या घराने याआधीच पाहिले होते. ताईचे पहिले बाळंतपण एका मोठ्या रुग्णालयात झाले. त्या रात्री लेबर रूममध्ये डॉक्टर बाई होती, नर्स बाई होती, आया बाई होती. कळा असह्य होऊन ताई ओरडली, तेव्हा “तेव्हा बरं वाटलं, आता कशाला ओरडतेस?” हे वाक्य तिला एका बाईने ऐकवले आणि मांडीवर चापट मारली ती दुसऱ्या बाईने. ताईने दुसऱ्या मुलाचा विचार सोडला, तो त्या रात्रीमुळे. आपल्याकडे हे इतके सर्रास चालते की केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्रसूतिकक्षांच्या सुधारणेसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आणला, तेव्हा बाळंतिणीशी सन्मानाने वागावे हे त्यात लिहून काढावे लागले. ताईच्या खोलीत एकही पुरुष नव्हता, आणि तिथे तिचे ऐकणारे माणूसही नव्हते.

आणि अण्णांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. माझे वडील, अण्णा, प्रोस्टेटच्या त्रासाने वर्षभर हैराण होते आणि तेही त्याच देवमाणूस डॉक्टरांना, म्हणजे एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला, काही बोलले नव्हते. शेवटी एका रात्री लघवी पूर्ण अडली, पोट फुगून दगडासारखे झाले आणि आम्ही त्यांना घेऊन साताऱ्याला धावलो. रात्री दोन वाजता ड्यूटीवर होती ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी. अण्णांनी तिला दोनदा “सिस्टर, डॉक्टरला बोलवा” असे सांगितले, आणि लघवीची नळी तीच घालणार हे कळल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केले. ती रागावली नाही. तिने पडदा ओढला, हिरवी चादर त्यांच्या छातीपासून मांड्यांपर्यंत नीट पसरली आणि म्हणाली, “आजोबा, मीच डॉक्टर आहे. लागेल तेवढंच उघडं करीन. आधी गार जेल लावणार आहे, मग थोडं चुरचुरेल. दुखलं तर हात वर करा, मी लगेच थांबेन.” मी पडद्याच्या अलीकडे उभा होतो. अण्णांनी एकदा हात वर केला असावा, कारण तिचा आवाज आला, “थांबले, श्वास घ्या,” आणि ती खरोखर थांबली. काही क्षणांनी पिशवीत लघवी उतरू लागल्याचा आवाज आला आणि अण्णांच्या तोंडून जो सुस्कारा बाहेर पडला, तसा मी त्यांच्याकडून आयुष्यात ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते एवढेच म्हणाले, “पोरीचा हात हलका होता.”

तर मी कुठे पोचलो? स्त्री रुग्णाला, विशेषतः स्त्रीरोगांसाठी, स्त्री डॉक्टर मागण्याचा हक्क असावा आणि तालुक्याच्या ठिकाणी तरी ती मिळण्याची सोय असावी, असे मला आता ठामपणे वाटते. “डॉक्टरपुढे कसली लाज” असे म्हणून ती मागणी उडवून लावणे हा मला निष्ठुरपणा वाटतो, कारण त्या लाजेची किंमत बोलणारा मोजत नसतो. पण ऐकून घेण्याचे सगळे काम स्त्री डॉक्टरांवर सोपवून पुरुष डॉक्टरांना त्यातून मोकळे करणे मला तितकेच अमान्य आहे. फ्लोरिडात १९९१ ते २०१० या काळात हृदयविकाराचा झटका येऊन तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांच्या नोंदींवर २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुष डॉक्टरांनी उपचार केलेल्या स्त्रियांची जगण्याची शक्यता कमी होती, हा त्यातला निष्कर्ष सगळीकडे छापून आला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तेवढी गाजली नाही: ज्या पुरुष डॉक्टरांच्या विभागात स्त्री सहकारी जास्त होत्या आणि ज्यांनी पूर्वी अधिक स्त्रियांवर उपचार केले होते, त्यांच्या स्त्री रुग्ण अधिक संख्येने वाचत होत्या. जी गोष्ट सहवासाने आणि सरावाने सुधारते, ती शिकता येते.

आईला रिंग बसल्यानंतर महिनाभराने मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटायला गेलो. चिठ्ठी त्यांनीच दिली होती, म्हणून आभार मानायचे होते, आणि खरे सांगायचे तर मनात एक खंतही होती. मी सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी आईची जुनी फाइल काढली आणि मागच्या बारा वर्षांची पाने माझ्यासमोर उलटत गेले. जवळजवळ प्रत्येक पानावर ‘अन्य तक्रार नाही’ असे त्यांच्या अक्षरात लिहिलेले होते.

“प्रत्येक वेळी विचारलंय रे मी,” ते म्हणाले, “पण प्रत्येक वेळी तू त्या स्टुलावर बसलेला होतास.”

मी त्या स्टुलाकडे पाहिले. लोखंडी, वर रेक्झिनची लाल बैठक असलेले ते स्टूल आईच्या खुर्चीला अगदी लागून असते. मी काळजीने तिथे बसत होतो, औषधांची नावे लिहून घेत होतो, ती विसरेल ते तिच्या वतीने सांगत होतो. तिच्या आजाराबद्दल तिच्यापेक्षा मीच जास्त बोलत होतो. डॉक्टरांचे लिंग कोणते या प्रश्नाचा मी इतका विचार केला होता आणि त्या खोलीत दोन पुरुष होते, हे माझ्या मनात एकदाही आले नव्हते. डॉक्टरांनी त्यानंतर एक बदल केला आहे. त्यांच्याकडच्या नर्स आता पन्नाशीच्या पुढच्या बायकांशी आधी शेजारच्या खोलीत एकट्याने बोलतात, आणि सोबत आलेल्या मुलांना, सुनांना, नवऱ्यांना तेवढा वेळ बाहेर थांबावे लागते. कळशीचा प्रश्न मी त्यांना सांगितला होता. तो त्यांनी कागदावर लिहून घेतला होता.

आई आता दर तीन महिन्यांनी रिंग दाखवायला एकटी जाते. पंगतीत खाली बसते. आमच्या आळीत आणखी कोणाकोणाला हा त्रास आहे हे तिला, किंवा बहुधा त्या बायकांना तिचे, कसे कळले ते मला ठाऊक नाही, पण मागच्या महिन्यात ती दोघींना बरोबर घेऊन एस.टी.ने कोरेगावला गेली. नेमक्या त्या मंगळवारी डॉक्टरबाई रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आले होते. आईने दोघींनाही समजावले की नर्स शेजारी उभी राहील, दार लोटलेले असेल, आणि नको वाटले तर तपासून न घेता नुसते बोलून या. एक जण आत गेली आणि वीस मिनिटांनी चिठ्ठी घेऊन बाहेर आली. दुसरी तोवर बाकावरून उठून स्टँडकडे निघाली होती. पुढच्या मंगळवारी बघू, असे ती म्हणाली. तिला हा त्रास सुरू होऊन सात वर्षे झाली आहेत.